लोण्याच्या डब्यातले जिवाणू

११ फेब्रुवारी १९९९
आजही प्लेटा कोऱ्या. समुद्रपूरजवळच्या कमलाकाकूंच्या विहिरीचं पाणी पोषक जेलीवर घालून पंधरा दिवस उबवलं, एक ठिपका नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "प्रबंधात 'जिवाणू नाहीत' असं लिही आणि मोकळी हो." नाही लिहिलं.

१९ फेब्रुवारी
नागपूर. तिथल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकावर तासभर मिळाला. तेच पाणी, जिवाणूंना चिकटून चमकणारा रंग घालून. हिरवे चमकते ठिपके, जिकडे तिकडे! मोजता मोजता चुकले, पुन्हा मोजले, पुन्हा चुकले. एकटीच हसत बसले. आता म्हणा नाहीत.

२२ फेब्रु.
सर : "मेलेले असतील." एवढे सगळे? आणि मेले तरी कधीतरी जगले असतीलच ना? त्यावर म्हणे, "दह्यातले जिवाणू घे, वर्षाच्या आत प्रबंध होतो." माझ्या आधीच्या सगळ्यांनी दहीच केलंय. मी इथे दही लावायला आलेली नाही. हे तोंडावर बोलले नाही, सिंदी मेघेला घरी येईपर्यंत रस्ताभर बडबडत होते.

८ मार्च
पाणी आणायला काकूंकडे. खायला देते, ऊब देते, तरी वाढत नाहीत, असं सांगितलं. काकू शेंगा फोडत होत्या. "आमच्या हिरीचं पाणी कधी तापते का वं? काऊन त्याईले गरम पेटीत कोंडून राह्यली?"
पेटी सदतीस अंशांवर. पुस्तकात होतं म्हणून. विहिरीचं तापमान मी आजवर मोजलंच नव्हतं! लाज वाटली. लगेच मोजलं : सत्तावीस.
वर काकू म्हणतात, "उन्हाळ्यात लोणी आमी हिरीतच सोडतो. तू बी सोड न."

१५ मार्च
सोडलं. दोन काचनळ्या, विहिरीच्याच पाण्यात केलेली पातळ जेली, तोंडाला बारीक पडदा : पाणी आत जाईल, जिवाणू जाणार नाही. एकीत ताजं पाणी, दुसरीत उकळलेलं. दोन्ही काकूंच्या लोण्याच्या डब्यात ठेवून डबा दोराने खाली.
"माह्या डब्याले भोकं पाडले तुनं! नवा आणून देजो."

२६ एप्रिल
डबा वर काढला. नुसत्या डोळ्यांना काहीच नाही. कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर चार-चार, आठ-आठचे पुंजके. वाढलेत! उकळलेल्या पाण्याची नळी कोरी, म्हणजे बाहेरची घाण नव्हे. दुपारच्या बसने काकूंना सांगायला गेले.
"जगले?"
"जगले."
"मंग रडून काऊन राह्यली?"

१७ मे
तेच पुंजके प्रयोगशाळेतल्या जेलीवर, सत्तावीस अंशांवरच ठेवले होते, पुन्हा शून्य. विहिरीबाहेर जगतच नाहीत. कोणासोबत राहतात खाली, कोणाचं खाऊन, कोणाला देऊन? काही माहीत नाही. सर : "प्लेटवर दिसत नाही ते मी मानत नाही. विहिरीत डबे सोडणं म्हणजे संशोधन नव्हे. प्रबंधातून ते प्रकरण काढ, सही घे." सहीशिवाय प्रबंध जात नाही. चार वर्षं घातलीत मी त्यात.

२० जून
टंकलेखन झालं. तक्त्यात सरांनी पेन्सिलने लिहिलं होतं, 'नाहीत'. खोडलं. शाईने लिहिलं, 'आहेत. मला प्रयोगशाळेत वाढवता आले नाहीत.'
"स्वतःचं अपयश कोणी प्रबंधात लिहितं का?"
"मी लिहिते, सर."


८ जुलै
सही नाही. प्रबंध सरांच्या टेबलावर तसाच, वर त्यांचा चष्म्याचा डबा. दोनदा जाऊन पाहिलं. प्रकरण काढणार नाही म्हणजे नाही.
काकूंनी विचारलंच. "झाली का वं सही?"
"नाई."
"मंग थो दोर बदलून टाक, पार कुजला."
वर्ध्याहून नवा दोर घेतलाय. जुन्यापेक्षा दहा हात लांब. उद्या सहा नळ्या, अगदी तळाशी.