माझ्यामागे रिकामी होणारी जागा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा बर्फावर जाणाऱ्यांचे पोशाख शिवण्याचा, नाव ओळखपत्रात आहे तेच. गल्लीत मला टाकेवाली म्हणतात आणि त्या नावाने हाक मारली तरी मी ओ देते. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. श्वास तेवढा नाही. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. मुलाने मला भरीस घातलेले नाही, सुनेने गळ घातलेली नाही. उलट यातले शेवटचे कलम दोघांनाही जड जाणार आहे, हे जाणून लिहिते. पूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी माझी जागा मुलाला पुढेमागे होईल त्या बाळाला दिली होती.

हा कागद माझ्या नातीने मोठेपणी वाचावा अशी इच्छा आहे. म्हणून इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेल्या दोन गोष्टी तिच्यासाठी लिहून ठेवते.

पहिली गोष्ट. आमची वसाहत बर्फाखाली आहे. इथे हवा बेताची, म्हणून माणसेही बेताची. एक जागा रिकामी झाल्याशिवाय दुसरे माणूस बाहेरून येत नाही आणि पोटातूनही येत नाही. मरणाऱ्याने आपली जागा कोणाला द्यायची ते लिहून ठेवायचे असते. नाही लिहिले तर सरकार ती घेते आणि फौजेच्या माणसाला देते.

दुसरी गोष्ट. सूर्याजवळच्या ग्रहांचे एक राष्ट्र आहे आणि लांबच्या ग्रहांचे दुसरे. ते उन्हवाले, आम्ही बर्फवाले. आमच्या डोक्यावर, आकाशात, उन्हवाल्यांचे एक ठाणे फिरते. आमच्या फौजेने सध्या त्याला वेढा घातला आहे. माझी मुलगी त्या ठाण्यात राहते. तू तिची.

कलम एक, घराबद्दल. दोन खोल्या आणि पुढचे दुकान मुलाला व सुनेला समाईक. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला दव धरते, तिथे फडके लावून ठेवावे. न्हाणीघराचे दार उचलून ढकलावे लागते. ते दुरुस्त करीन म्हणून माझ्या नवऱ्याने सांगितले होते आणि मग तो गेला. मुलगाही करीन म्हणतो. बापाच्या वळणावर गेला आहे.

कलम दोन, हत्यारांबद्दल. शिवणयंत्र, सुयांची पेटी आणि मेणाचा गोळा माझ्या भागीदारणीला, जिला सगळे मोजेवाली म्हणतात. मोठी कात्रीही तिलाच, पण तिने त्या कात्रीने कागद कापू नये. ती कापते. मी बघितले आहे.

कलम तीन. भिंतीवरचा आरसा माझ्या नणंदेला. माझ्या मुलीने उन्हवाल्याशी लग्न केले तेव्हा ही बाई दुकानात भर गिऱ्हाइकांत म्हणाली, "तरी मी सांगत होते, वहिनीचं पोरींवर लक्ष नाही." मला पोर एकच होती. आरसा चांगला आहे, डाग नाही. तिने त्यात निवांत बघावे.

कलम चार. माझ्या नवऱ्याच्या पोशाखाची गळ्याची कडी, जिला हवेची नळी लागते, ती फौजेच्या कोठाराच्या निवृत्त साहेबांना पोचती करावी. कारण लिहिते.

पूर्वी दोन्ही राष्ट्रांच्या पोशाखांना एकच कडी असे. कोणाचीही नळी कोणालाही लागे. मग या साहेबांनी हुकूम काढला की यापुढे आपल्या कडीचे आटे उलटे. शत्रूने आपले पोशाख पळवले तरी त्याला वापरता येऊ नयेत, म्हणून. कापड आम्ही शिवायचो, कडी कोठारातून यायची. मी नव्या कड्या घ्यायला गेले तेव्हा विचारले, "साहेब, उद्या आपल्याच माणसावर बाका प्रसंग आला आणि जवळ त्यांचीच नळी असली, तर?"

साहेब म्हणाले, "बाई, शत्रूची हवा घेऊन जगण्यापेक्षा मेलेलं बरं."

साहेब अजून जगताहेत. माझा नवरा वर बर्फ कापायला जात असे. त्याची टाकी फुटली तेव्हा सरहद्दीच्या खांबापलीकडे, त्यांच्या ठाण्यासाठी राखलेल्या बर्फावर, एक उन्हवाला तार ओढत होता. तो खांब ओलांडून आला. त्याने स्वतःची जादा नळी काढली आणि माझ्या नवऱ्याच्या गळ्याला लावायला गेला. ती फिरेना. हातात हवा घेऊन तो माणूस तिथे बसला, आणि सगळे संपेपर्यंत त्याने माझ्या नवऱ्याचा हात सोडला नाही. मग त्याला पाठीवर घालून आमच्या दरवाजापर्यंत घेऊन आला. आमच्या लोकांनी त्याला अटक केली.

कडी साहेबांनी टेबलावर कागद दाबायला वापरावी. वजनदार आहे.

कलम पाच. हा उन्हवाला आमच्या चौकीत कोठडीत होता तेव्हा माझी मुलगी त्याला डबा घेऊन जाई. आधी म्हणाली, बाबा शेवटी काय बोलले ते विचारायचे आहे. ते पहिल्याच दिवशी विचारून झाले असणार. काही बोललेच नव्हते, हवा कुठे होती बोलायला? तरी डबा चालूच राहिला. त्याला सोडले तेव्हा ती त्याच्याबरोबर वर ठाण्यात गेली आणि इथली तिची जागा कायद्याने बुडाली. मुलगा म्हणाला, "बाप गेला आणि जावई आला." त्या उन्हवाल्याने नळी मुद्दाम लावली नाही, असे मुलगा आजही धरून बसला आहे. मी कडी हातात घेऊन आटे दाखवले. त्याने बघितले नाही. दुःखाला कोणीतरी माणूस लागतो. आट्यांवर रागावता येत नाही.

मुलीला देण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ आहे, पण सरहद्दीपलीकडे सुईसुद्धा पाठवायला बंदी आहे. तेव्हा या कलमाखाली तिला काहीच मिळत नाही. ते तिला कळवावे, आणि माझ्या मनात तिच्याबद्दल अढी नव्हती, हेही कळवावे.

कलम सहा. शेवटच्या आजारात मला श्वासाच्या यंत्राला लावू नये. डॉक्टर म्हणाले, यंत्रावर तुम्ही अजून बरेच दिवस काढाल. काढीन. पण यंत्रावरचा माणूसही जागा धरून असतो. वेढ्यातून आतबाहेर जायची मुभा फक्त तटस्थ राष्ट्राच्या जहाजाला आहे. ते आता एकदाच येणार आहे, आणि जागा रिकामी असल्याशिवाय त्यातून कोणाला उतरू देत नाहीत. मला कोणी ढकलत नाही. फक्त ओढून धरू नये.

कलम सात, जागेबद्दल. याच जहाजाने मागच्या खेपेला मुलीची चिठ्ठी आणली. "आई, इथे हवा अर्ध्यावर आणली आहे. मोठी माणसं पडून काढतात, पण पोरीला किती वेळ पडून राहायला सांगू? तिला घे. आमच्या दोघांचं विचारू नकोस."

ही चिठ्ठी आली तेव्हा सून भांडी पुसत होती. शाळेत शिकवते ती. वर्गात बाके जास्त आणि मुले कमी. मुलासाठी दोघांनी अर्ज केला त्याला बरीच वर्षे झाली. माझा खोकला वाढल्यापासून ती मला जास्तच जपते आणि त्याची तिला लाज वाटते. दोन्ही मला दिसते.

मी चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिने वाचून घडी केली.

"केवढी आहे?"

"सहा वर्षांची."

"आपल्या भाषेत बोलते का?"

"तुझ्या नणंदेने शिकवलं असणार. शिव्यांसकट."

ती हसली नाही. चिठ्ठी परत देत म्हणाली, "आई, मग माझं काय?"

 तिचा हा प्रश्न इथे लिहून ठेवते, म्हणजे मी तो विसरले असे तिला वाटू नये.

मुलगा हवाघरातून, वसाहतीची हवा तयार होते तिथल्या कामावरून, जेवायला आला. त्याला सांगितले.

"उन्हवाल्याची पोर माझ्या घरात?"

"तुझ्या बहिणीची."

"बहीण मला त्या दिवशीच संपली."

"मग अनाथ पोर आली असं समज."

"आई, शब्दात पकडू नकोस. आमचं मूल कुठे ठेवायचं, ते सांग."

"अरे, तुझं मूल अजून नाहीये. ही आहे."

असे बोलायला नको होते कदाचित, पण दुसरे खरे काही सुचले नाही. तो न जेवता परत कामावर गेला.

म्हणून, माझ्या मृत्यूनंतर रिकामी होणारी माझी जागा, तिच्या हवेच्या व पाण्याच्या हक्कासह, मी माझ्या मुलीच्या मुलीला देत आहे. शत्रुराष्ट्राच्या अजाण मुलाला घेता येते, पण इथल्या पतिपत्नी दोघांनी पालक म्हणून सही करावी लागते. एकाची सही राहिली तर जागा सरकारजमा होईल. तसे झाले तर ती ना माझ्या नातीला मिळेल, ना मुलाच्या बाळाला. हे मी मुलाला कोंडीत पकडण्यासाठी केलेले नाही. कायदा असा आहे. पण कोंडी झाली आहे, हे कबूल.

बाळ, तू हे वाचते आहेस म्हणजे तुझ्या मामाने सही केली. त्याचे आभार मानू नकोस, तो संकोचेल. तुझ्या बाबांबद्दल तो काही बोलला तर तेव्हा गप्प बस, आणि मग एकदा कडीची गोष्ट त्याला सावकाश विचार. मामीने तुझ्यासाठी काय सोडले ते वर आले आहे. तिला काय म्हणून हाक मारायची ते तिलाच ठरवू दे.

याखेरीज मला काही द्यायचे नाही आणि कोणाकडून काही घ्यायचे नाही. वाचून पाहिले, बरोबर आहे, सही करते.

सही: टाकेवाली (ओळखपत्रातील नावाने)

आमच्यासमोर, शुद्धीवर असताना, तिने सही केली व तिच्यासमोर आम्ही केली:
साक्षीदार एक: गल्लीच्या दवाखान्यातील डॉक्टर. सही.
साक्षीदार दोन: शेजारी, कुलपे दुरुस्त करणारा. सही.

स्थळ: खालच्या गल्लीतील राहते घर, पुढचे दुकान.
दिनांक: वसाहतीचे वर्ष एकशे अठ्ठावीस, सातवा महिना, चौथी तारीख.

पालकांची स्वीकृती:
सून: सही. (सहीखाली तिने लिहिले आहे, "मुलीच्या कपड्यांचे माप आधी कळवावे.")
मुलगा: ही जागा मोकळी सोडली आहे. त्याची हवाघरातली पाळी सुटेपर्यंत दोन्ही साक्षीदार दुकानात बसून आहेत.