एसटीत मोडलेलं मौन

श्रावण, दुसरा सोमवार, संध्याकाळ

श्रावणी सोमवारी दिवा लागेपर्यंत मी बोलत नाही, हे घरी ठाऊक आहे. एसटीतल्या लोकांना कसं असणार? त्यात सध्या पोरं पळवणाऱ्यांची आवई उठलेली. लेकीकडून, खामगावहून, नात सुमीला घरी आणत होतो. वाटेत ती आईसाठी रडू लागली. शेजारच्या बाईनं तिचं मनगट धरलं.

"काहो बाबा, कोनाची पोर होय हे?"

मी हात जोडले.

"मुक्याचं सोंग करते बे हा! उतरवा याले!" मागून कोणीतरी.

"आबा सोमवारी बोलत नाई," सुमी म्हणाली.

"पोरीले पढवून ठेवलं!"

कंडक्टरनं घंटी वाजवली. गाडी थांबली, तरी बाई मनगट सोडेना. मग मीच ओरडलो, "माही नात होय! सोड तिले, भवाने!" बाईनं हात काढला, गाडी पुढं निघाली.

दिवसभराच्या मौनानंतर पहिला शब्द हा. महादेवाला काय तोंड दाखवू? सुमीच्या मनगटावर अजून बोटं उमटलेली आहेत. बाईचा राग येतो. पण पोर खरंच पळवलेली असती, तर? असंच घट्ट धरायला हवं होतं ना?

आत्ताच सुमीनं विचारलं, "आबा, फुडच्या सोमवारी बोलसान ना?"

दिवा लागला आहे. लिहिणं थांबवून तिच्या मनगटाला तेल लावतो.