चहा हवाय का, एवढंच विचारायचं

४ फेब्रुवारी

माझं आयुष्य कुठे वळलं ते मला नेमकं सांगता येतं. परीक्षेचा दुसरा पेपर चालू होता आणि मी खिडकीशी बसलो होतो. माझी कॉलेजातली मैत्रीण, सरकार, फाटकाशी आपले दाखले न्यायला आली होती. अंगावर निळा युनिफॉर्म, मागे चाकांची बॅग. तिने मान वर करून पाहिलं. मी उत्तरपत्रिका टेबलावर आपटली. सर म्हणाले, अजून अर्धा तास आहे. मी म्हटलं, तुम्हीच बसा. खाली गेल्यावर तिने एवढंच विचारलं, की तूही येतोस का. झालं, तोच तो क्षण.

तिला सरकार मी म्हणतो, कारण तिच्या तोंडून निघतो तो हुकूमच असतो.

आज तिच्याच विमान कंपनीचा युनिफॉर्म घालून मी क्रूच्या फ्लॅटवर राहायला आलो. बाबांनी बोलणं टाकलंय. आईने विचारलं, तुम्हाला विमानात जेवायला वेळ देतात ना. मी बेधडक हो म्हणालो.

फ्लॅट झकास आहे. खिडक्यांना काळे पडदे, कडेने चिकटपट्टी लावलेली, म्हणजे भर दुपारी झोपता येतं. पलंग कमी आणि माणसं जास्त, त्यामुळे एक उठला की दुसऱ्याने पडायचं. माझी भागीदारी जिराफशी. हा आमच्यातला सगळ्यात उंच, पाय कायम पलंगाबाहेर. मी आडवा झालो तर उशी त्याच्या डोक्याने अजून गरम होती. तो हसून म्हणाला, इथली उशी थंड झालेली मी तरी पाहिली नाही. सरकार समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते. दोन दारं आणि एक जिना, एवढंच अंतर. आणखी काय हवं?

१२ फेब्रुवारी

आज सरकारने मला एक काम शिकवलं. लांबच्या उड्डाणात अर्ध्या अर्ध्या तासाने कॉकपिटला इंटरकॉमवरून फोन करायचा. कशाला, असं विचारलं तर म्हणाली, दोघे पायलट जागे आहेत ना ते बघायला. मी हसलो. ती हसली नाही. जागे आहात का, असं थेट विचारायचं नाही, त्यांना ते लागतं. चहा हवाय का, एवढंच विचारायचं. उत्तर आलं की पुरे.

आमचे कॅप्टनकाका अंगाने भारी, डोळे लाल, खिशात पित्ताच्या गोळ्यांची पट्टी. सरकारकडे बघताना त्यांनी मला पकडलं, तेव्हापासून मी त्यांचा जावईबापू. फोनवर मात्र त्यांचं एकच ठरलेलं उत्तर : सगळं ठीक.

२७ फेब्रुवारी

ड्युट्यांचं रोस्टर बनवणारा माझ्या हाती लागला तर मी त्याला सोडणार नाही. एक दिवस पहाटेचं उड्डाण, दुसऱ्या दिवशी रात्री परत येणारं, मग स्टँडबाय. म्हणजे बूट घालून फोनकडे बघत बसायचं, सुट्टीही नाही आणि झोपही नाही. घोटे असे सुजलेत की बूट चढत नाहीत. सर्दी असताना उडालो, तर डावा कान फुटल्यासारखा दुखला आणि अजून मंद ऐकू येतो. सरकारची पाळी तीन महिने जागेवर नाही. डॉक्टरांनी तिला सांगितलं, रोज ठरावीक वेळी झोपत जा. ती परतताना रस्ताभर हसत होती.

आज एक गोष्ट घडली. उड्डाणाआधी प्रत्येक दाराचा लिव्हर खाली ओढायचा असतो, म्हणजे संकटात दार उघडताच घसरगुंडी फुगते. मग समोरच्याने येऊन आपलं दार तपासायचं. सरकारने लांबून खुणेने विचारलं, झालं का. मी अंगठा वर केला. ती येऊन बघते तर लिव्हर जिथल्या तिथे. तिने स्वतःच तो खाली ओढला.

मला अंगठा वर केल्याचं आठवतच नाही. मी उभ्या उभ्या झोपलो होतो. मग अंगठा कुणी वर केला?

९ मार्च



सकाळचं उड्डाण, बाहेर लख्ख ऊन. मी फोन केला, चहा हवाय का. सगळं ठीक. आवाज नेहमीचाच, पण जरा सपाट. तरी मी चहा घेऊन गेलो. कॉकपिटचं दार आतून सोडल्याशिवाय उघडत नाही. ते सुटलं.

आत दोघेही झोपलेले. काकांची हनुवटी छातीवर, को-पायलटचं तोंड उघडं. समोर नुसतं पांढरं ऊन.

मी काकांचा खांदा गदागदा हलवला. ते दचकून उठले, आधी घड्याळांसारख्या त्या सगळ्या तबकड्या पाहिल्या, मग मला. मी ओरडलो, फोन कुणी घेतला, दार कुणी उघडलं. काका हळूच म्हणाले, जावईबापू, तुम्हालाही ऐकू यायला लागला तर. तो सगळ्यांनाच येतो. माणूस झोपला की त्याच्या जागी तो बोलतो. बोलणं त्याला छान जमतं. विमान उतरवणं अजून जमत नाही.

मग त्यांनी चहा मागितला.

११ मार्च

ड्युटी ऑफिसमध्ये जाऊन टेबलावर हात आपटला. काकांना आणि आम्हाला झोप हवी, नाहीतर एक दिवस सगळे खाली येऊ, असं सांगितलं. तिथल्या ताई फारच गोड. म्हणाल्या, दमलोय असं लिहून द्या, लगेच ड्युटीवरून उतरवते, पण मग दुसऱ्या शहरात बदली. एकट्याची. मी खुर्ची लाथाडून बाहेर पडलो.

लिहून मात्र दिलं नाही. सरकारपासून लांब जायचं म्हणजे—

१४ मार्च

जिराफ सुट्टीवर घरी गेलाय. पलंगावर परवापासून माझ्याशिवाय कुणी नाही.

उड्डाणावरून आलो. उशी गरम होती.

गादीवर खोलगट ठसा. पाय पलंगाच्या आतच संपलेले. जिराफचा नव्हे, माझ्या उंचीचा.

१६ मार्च

सरकारला सगळं सांगितलं. वाटलं, वेडा म्हणेल. तिने दार लावून घेतलं. मग म्हणाली, माझ्याही नावाने कुणीतरी प्रवाशांशी बोलतं. लोक आभार मानतात आणि मला काही आठवत नसतं.

परवाचं उड्डाण काकांबरोबर, आम्ही दोघंही त्यावर. ती म्हणाली, त्याच दिवशी ड्युटी ऑफिसात जाऊन नाही म्हणू. बदली तर बदली, दोघांनी एकदमच सांगायचं, मग कुठे पाठवतील तिथे. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझा हात स्वतःहून धरला.

बोलतंय ते खरंच आपलं माणूस आहे ना, हे कळावं म्हणून तिने एक खूण ठरवली. निघण्याआधी ती फोन करून विचारणार, चहा हवाय का. मी भांडायचं. खूप भांडायचं. म्हणे, तो कधी चिडत नाही, आणि तू चिडल्याशिवाय राहत नाहीस. मी उलट तेच विचारणार, तिनेही ओरडायचं.

फक्त तोवर जागं राहायचं.

१७ मार्च

झोपायचं नाही. तोंडावर पाणी मारलं. खुर्चीत बसत नाही, उभाच.

पडदे फाडायला गेलो. चिकटपट्टी निघत नाही.

आईचा फोन आला होता म्हणे. तिचा मेसेज आलाय : किती दिवसांनी शांतपणे बोललास रे, बरं वाटलं.

मी बोललो नाही. मी तिच्याशी आज—

१८ मार्च, दुपार

पाय दुखतात. पाच मिनिटं फक्त टेकतो. उशीला हात लावणार नाही. डोळे उघडे ठेवून नुसता—

सरकार, मी भांडेन. नक्की भां

१८ मार्च, संध्याकाळ

झोप छान झाली. डोकं शांत आहे, राग कुठेच नाही. घोटे दुखत नाहीत. युनिफॉर्मला इस्त्री केली, बूट सहज चढले.

सरकारचा फोन आला. तिने विचारलं, चहा हवाय का. मी म्हणालो, सगळं ठीक.  मग ठरल्याप्रमाणे मी विचारलं, तुला हवाय का चहा.

तिने ओरडायला हवं होतं. ओरडली नाही. सपाट आवाजात म्हणाली, सगळं ठीक, ये खाली, काका गाडीत बसलेत.

पलंगावर तो उशीत तोंड खुपसून पडलाय. बोटं हलतात, वहीकडे येऊ पाहतात. दमलाय बिचारा. त्याला उठवत नाही.

दाराशी उभ्यानेच लिहितोय. विमान उतरवणं आज जमेल असं वाटतं. बॅग घेतली, दिवा मालवला. बाहेर पाऊल टाकलं, आता दार ओढून घेत—