एकही हाड मोडलं नव्हतं

थेरगाव,
९ सप्टेंबर २०२५

चि. मिनल,

सप्रेम जय भीम. मैत्रीबाळाचा खोकला गेला का? तिला आईस्क्रीम देऊ नकोस. तुझे वडील लाडाने देतात, मला ठाऊक आहे. इकडे डांगे चौकात पुन्हा खोदून ठेवलंय. रिक्षावाले वाट्टेल ते भाडं मागतात आणि वर उर्मटपणा. माझ्याशी मात्र एकदाच करतात.

बुद्धभूषणच्या शवविच्छेदनाचा अहवाल आला. कंपनीचा सेफ्टी ऑफिसर महाळुंग्याहून तो घेऊन दारात उभा. "मॅडम, मेजर इंज्युरी नव्हती हो." तीनदा म्हणाला. मी म्हटलं, "माझा पस्तीस वर्षांचा मुलगा गेला, आणि तुमच्या रजिस्टरात मायनर? त्याच्या मांडीवर आदळली त्या ट्रॉलीचा ब्रेक शेवटचा कधी तपासला होता, ते सांगा आधी." चहा न विचारता घालवला.

मग अहवाल घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, नुसत्या मुक्या मारानेही क्वचित चरबीचे कण रक्तात उतरतात आणि फुप्फुसात जाऊन अडकतात, तसंच झालं. त्यासाठी हाड मोडावंच लागतं असं नाही. त्याचं हृदय ठणठणीत होतं.

ठणठणीत. म्हणजे त्याच्या पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेत, विहारात, सगळ्यांसमोर मी जे ओरडले, "हिच्या रोजच्या कटकटीनेच माझ्या लेकाचं हृदय बंद पडलं," ते खोटं होतं. तू मैत्रीला उचललंस आणि अनवाणी निघून गेलीस. तुझ्या चपला मीच घरी आणल्या.

पत्र इथे संपवता आलं असतं. दोनदा संपवलं आणि दोनदा फाडलं.

शाळेत दर शुक्रवारी ख्रिश्चन मुली फादरना आपल्या चुका सांगायला, कन्फेशनला जायच्या. आम्ही बाकीच्या बाहेर बाकावर बसून त्यांना हसायचो. एवढं काय सांगायचं असतं यांना, असं वाटायचं.

तो गेला त्या सकाळी हिंजवडीच्या कॅबकडे पळता पळता तू बजावलं होतंस, "आई, पाय चोळू नका हं. डॉक्टरांनी फक्त बर्फ सांगितलाय." मनात म्हटलं, ही मला शिकवणार! लसूण घालून तेल गरम केलं आणि त्याची मांडी रगडली. माझी आई मुका मार असाच जिरवायची. "आई, हळू," तो म्हणाला. "एवढा मोठा घोडा, रडतोस काय?" म्हणत मी अंगठ्यांवर आणखी जोर दिला.

अर्ध्या तासात त्याला धाप लागली. बोलणं असंबद्ध झालं. मला तुझ्या नावाने हाका मारायला लागला. मिनल, त्या घडीलाही मला त्याचा राग आला गं. दवाखाना येईपर्यंत हाका थांबल्या होत्या.

मालीश केल्याचं मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. काल डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाले, "त्यानेच झालं, असं म्हणता येणार नाही. आणि त्याने नाही झालं, असंही नाही." एवढ्यावर मला उरलेलं आयुष्य काढायचं आहे.

येत्या रविवारी विहारात, त्याच जागी उभी राहून, त्याच लोकांसमोर मी हे सगळं सांगणार आहे. तू ये, असं म्हणायचं तोंड मला नाही. तुझ्या चपला पुसून त्याच्या बुटांशेजारी ठेवल्या आहेत.

आदल्या रात्री तू भरून ठेवलेला बर्फाचा ट्रे अजून फ्रीजरमध्ये आहे. त्यातला एकही खडा कमी झालेला नाही.

बुद्धभूषणची आई, तुझी आहे का, ते तू ठरव.
कस्तुरा