मोहाखालची जाळी

प्रिय रिना,

सप्रेम जय भीम. फोन सोडून आई पत्र का लिहिते आहे, असं तुला वाटेल. फोनवर मी धानोऱ्याचं नाव काढलं की तुझी मीटिंग निघते. कागदाला मीटिंगचं कारण सांगता येत नाही. आता वाच.

आमची तब्येत बरी आहे. तुझे बाबा राइस मिलमधून येतात, दारात उभे राहतात आणि मान हलवतात, कारण घरात पाय ठेवायला जागा नाही. पुढच्या खोलीत ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश टांगलेले असायचे, तिथे आता नुसती जाळी पसरली आहे. मशीन चालू असेपर्यंत मला बरं वाटतं. थांबली की जीव थाऱ्यावर राहत नाही. उठते, पाणी पिते, पुन्हा बसते. काल भाजी दोनदा फोडणीला घातली.

कुठली जाळी, ते तुला कळलंच असेल. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तू धानोऱ्याजवळ रुखमाबाईंच्या गावात मोहाच्या झाडाखाली बांधली होतीस, तीच कल्पना. फुलं वरच्या वर झेलली गेली तर ती दिसावीत म्हणून बायांना झाडाखालचा पाला जाळावा लागणार नाही, जंगलात वणवा जाणार नाही, आणि पहाटेच्या अंधारात वाकून वेचावंही लागणार नाही. नागपूरला त्यासाठी तुला बक्षीस मिळालं तेव्हा बाबांनी अख्ख्या आरमोरीला सांगितलं होतं. मग तो अवकाळी पाऊस आला. बारीक विणीच्या जाळीत पाणी साचलं, ती फुलांसकट खाली आली आणि सगळं कुजलं. रुखमाबाई गावासमोर म्हणाल्या, "तुमचा खेळ झाला, आमचा हंगाम गेला." तू जाळी गुंडाळलीस. त्याच दुपारच्या बसने परत आलीस आणि महिन्याभरात पुण्याची नोकरी धरलीस. मलाही वाटलं, चांगलं झालं. मुलगी मार्गी लागली.

गेल्या उन्हाळ्यात मी गणवेश पोचवायला धानोऱ्याला गेले होते. बाजारात रुखमाबाई भेटल्या. त्यांच्या शेजारच्या लटारूची बायको मोह वेचायला गेली ती परत आलीच नाही. वाघाने नेली. वाकलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं म्हणतात. रुखमाबाई सांगत होत्या, "आता आम्ही टोळीनं जातो, डबे वाजवत. पण बाई, वाकावं तं लागतेच." एवढं बोलून त्या मिरच्या निवडायला लागल्या. माझं मात्र बाजारात लक्ष लागेना.

घरी आले आणि माळ्यावरून तुझी जाळी आणि आराखड्याची वही काढली. तुझे आकडे, बाण, रेघा मला कळल्या नाहीत. पाणी अडलं म्हणून ती पडली, एवढं कळलं. मासे धरायच्या जाळीचं कापड आणलं. फूल अडेल, पाणी थांबणार नाही असं. परकराला कळ्या लावतात तशा निमुळत्या कळ्या कापून जोडल्या, म्हणजे उतार होऊन फुलं मधल्या पिशवीत घरंगळतील. पहिली जाळी शिवणीतच उसवली. दुसरी ढिली झाली. आपल्याच अंगणात बांधून वरून फुलांऐवजी भिजवलेले मनुके टाकून पाहिले, तर ते झोळात अडकून बसले. बाबा म्हणाले, "पोरीनं सोडलं, तू काऊन धरून राह्यली?" मी दुसरी उसवली. तिसरी शिवायला घेतली.

ती घेऊन फाल्गुनात रुखमाबाईंच्या दारात गेले. त्यांनी आत या म्हटलं नाही. उन्हात उभं ठेवलं. मग म्हणाल्या, "गावाजवळच्या एका झाडाले बांध. एकाच. अन् नासली तं पुन्हा इकडे फिरकू नको." मी बांधली, आणि त्यांच्याच पडवीत मुक्काम ठोकला. सकाळी डोळा उघडला तेव्हा रुखमाबाई चुलीपाशी बसून चहा पीत होत्या. मोहाच्या दिवसांत, ऊन वर आल्यावर! मग आम्ही दोघी निवांत चालत गेलो. पिशवी भरली होती. फुलं स्वच्छ, मातीचा कण नाही. त्यांनी मूठभर उचलली, हुंगली आणि शेजारणीला हाक मारली.

त्यानंतर मला कोणी थांबवू शकलं नाही, मीही स्वतःला थांबवू शकले नाही. सगळ्या बाया मागायला लागल्या आणि मी सगळ्यांना हो म्हटलं. गणवेशाच्या दुकानाला यंदा नाही सांगितलं. बाबा दोन दिवस धुसफुसले, मग आपणहून जाळ्यांच्या आधाराचे बांबू तासायला बसले.

इथपर्यंत वाचून तुला वाटेल, आई जिंकली, आता ती मला हिणवते आहे. तसं नाही गं. चार दिवसांपूर्वी टेकाडावरच्या मोठ्या झाडाची जाळी वाऱ्याने फुगली, शिडासारखी. बांबू मोडला आणि खाली उभ्या असलेल्या रुखमाबाईंच्या खांद्यावर आला. हाड मोडलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात प्लास्टर घातलंय. बाकीच्या जाळ्या मी उतरवल्या, बाया पुन्हा वाकायला जातात, आणि मी इथे शिवणी घालत बसले आहे, ज्यांचा काही उपयोग नाही. मला कापड समजतं. वारा किती जोर लावतो, दोर कुठे बांधला तर तो जोर वाटला जातो, ते तुला समजतं. वहीतल्या त्या रेघांमध्ये ते होतं, मला वाचता आलं नाही. दवाखान्यात मी रुखमाबाईंची माफी मागायला गेले, तर त्याच म्हणाल्या, "तुई पोरगी कुठी हाय? तिले बोलाव. जाळी पडली तवा मी रागावली, ते खरं. पण राग एका दिवसाचा होता. ती पुन्हा आली नाई, ते मी अजून नाई विसरली." मी सांगितलं, ती येते आहे. तुला न विचारता शब्द देऊन बसले, रिना. फुलं अजून गळताहेत.

तुझीच उतावळी,
आई