पानाच्या डब्याच्या झाकणातला कागद

बाबा, आज दुकानात जाऊन आले. तिसऱ्या मजल्यावरचं तेच दुकान, तोच सरकता जिना, त्याच्याशेजारी तेच पेडिक्युअरवालं. फक्त तुझ्या खुर्चीवर आता कुणी बसत नाही, तिच्यावर खोके रचलेत. टौके अंकलनी मला आधी ओळखलंच नाही. मालकाला इथे टौके म्हणतात हे मी दहा वर्षांची असताना तूच शिकवलंस, आणि मी तेच त्यांचं नाव समजून त्यांना टौके अंकल म्हणायला लागले, ते अजून तेच म्हणते. मी म्हणाले, "अंकल, इंजिनियरची मुलगी." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आह गर्ल! एवढी काळी कशी झालीस? उन्हात राहतेस का?" मग खालचं कपाट उघडून त्यांनी न विचारता पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं ते बाहेर काढलं. डबा अजून तिथेच आहे, बाबा. त्याला बांधलेली चिठ्ठीसुद्धा तुझ्याच अक्षरातली आहे, 'विक्रीसाठी नाही'.

आधी मी इथे कशी आले ते सांगते, नाहीतर तू म्हणशील ही नेहमीसारखी मधूनच सुरू करते. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. आई अजून त्यावरून बोलते. मग मनालीत एका होस्टेलमध्ये, मग गोव्यात, मग एका मैत्रिणीच्या नादानं मलेशियात, तिओमान बेटावर एका डायव्हिंगच्या दुकानात ऑक्सिजनची नळकांडी धुवायला. त्यांत साधी हवा असते, ऑक्सिजन नसतो, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. तू असतास तर पहिल्या दिवशी सांगितलं असतंस. तिथे एका दुपारी मी नुसती मास्क लावून पाण्यात तरंगत होते आणि खालून एक कासव वर आलं. चोचीसारखं तोंड, अगदी हाताच्या अंतरावर. श्वास घेतला, माझ्याकडे बघितलं न बघितलंसं केलं आणि परत वळलं. त्याच्या पाठीवर ऊन पडलं आणि ती मधासारखी दिसली, मधे मधे काळपट डाग. मला एकदम डबाच दिसला. जिवंत, पोहणारा. पाण्यात रडता येत नाही असं नाही, मास्कमध्ये पाणी साचतं एवढंच. दुसऱ्या दिवशी बोट, मग बस, जोहोरहून पूल ओलांडून इथे, आपल्या जुन्या शहरात. लिटिल इंडियात एका खोलीत सहा पलंग आहेत, त्यातला वरचा माझा. पासपोर्टवर तीस दिवस मिळालेत, त्यातले चार गेले. आणि पिशवीत सायन्सचं जुनं पुस्तक. एवढ्या गावांत सगळं हरवलं मी, चार्जर, चपला, एक चांगला मुलगासुद्धा, पण ते पुस्तक हरवलं नाही.

ती नोकरी तू का घेतलीस हे मला तेव्हा कळत नव्हतं. जहाजावर इंजिनियर असताना तुझा खांदा निखळला, समुद्र सुटला, आणि टौके अंकलना जुनी जहाजी घड्याळं, बॅरोमीटर दुरुस्त करणारा माणूस हवा होता. पुढे तू कागदांचंही बघायला लागलास. कासवाच्या कवचाचे पंखे, फण्या, हस्तिदंताच्या मुठी. ह्या वस्तू विकता यायच्या, पण जुनेपण सिद्ध झालं तरच, आणि देशाबाहेर पाठवायच्या तर परवान्याशिवाय नाहीच. हस्तिदंत विकणं तर काही वर्षांपूर्वी इथे पार बंदच झालं, ते बघायला तू नव्हतास. मी एकदा शाळेतून दुकानात आले आणि काउंटरवरचा पंखा उघडला, तेव्हा सगळ्यांसमोर ओरडलास, "डोळ्यांनी बघ, बोटांनी नको!" मी रुसले. त्या शनिवारी तू मला घड्याळजीचं भिंग दिलंस, डोळ्यात बसवायचं, काळं. म्हणालास, "आता बघ किती बघायचं ते." मग हॉकर सेंटरमध्ये तुझी बिनसाखरेची काळी कॉफी आणि माझा मायलो, आणि तू ते सांगितलंस जे मला आजपर्यंत पाठ आहे. मी विचारलं होतं, कासव तर मेलं ना, मग कागद कशाला? तू म्हणालास, "मेलं ते मेलं. पण कधी मेलं ते लिहिलेलं पाहिजे. नाहीतर उद्या कुणीतरी नवीन मारून जुनं म्हणून विकेल, आणि आपण त्याचे मदतनीस."

त्या वर्षी ती म्हातारी आली. सारोंग, वर नाजूक बटणांचा कबाया, चेहरा चिनी आणि बोलणं मलय. तिच्या आजीचा पानाचा डबा तिने आणला होता, कासवाच्या कवचाचा, कडांना चांदीची नक्षी. तू मला दाखवत म्हणालास, "बघ, हिच्या आजीचं आणि माझ्या आजीचं व्यसन एकच." झाकणाच्या आत एक कागद चिकटवलेला, पिवळा, पोस्टाच्या पाकिटापेक्षा लहान. कुणाच्या लग्नात, कुठल्या साली, कोणी दिला, ते शाईनं लिहिलेलं. तेवढाच पुरावा. म्हातारीला मूलबाळ नव्हतं, ती आता वृद्धाश्रमात जाणार होती, आणि परदेशातलं एक जोडपं, जुनी पानदानं जमवणारं, हा डबा जपायला तयार होतं. तू त्या कागदावरचा मजकूर उतरवून, 'मी स्वतः पाहिला' असं लिहून, खाली सही करून अर्ज पाठवलास. ट्यूबलाइटमध्ये शाई फोटोत उठत नव्हती, म्हणून रविवारी उन्हात फोटो काढायला डबा घरी आणलास आणि देवघराच्या खाली ठेवलास, सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून.

आई तेव्हा ठाण्याला मावशीच्या ऑपरेशनसाठी गेलेली. शुक्रवारी तिचा फोन. "दिवाळी तोंडावर आलीय गं, देवाची भांडी घासलीस का? तुझ्या बाबाला त्यातलं काही दिसायचं नाही." मी चौदा वर्षांची. शाळेतून आल्यावर मी समई, ताम्हण, घंटा सगळं काढते, चिंच भिजवते, मीठ घेते. चांदीला रांगोळी, आई करते तशीच. आणि देवघराखालचा तो डबा, त्याच्या कडा काळ्या पडलेल्या. मला वाटतं बाबाला सरप्राइज. मी त्याला कोमट साबणाच्या पाण्यात बुडवते. अजून दिसतं मला ते. मी नक्षीत रांगोळी घासतेय, झाकण पाण्याखाली, आणि जरा वेळानं तो कागद आपोआप वर येतो, दुधावरच्या सायीसारखा, अख्खा, कुठे न फाटता. मी श्वास रोखून तो तळव्यावर घेते, टिपकागदावर ठेवते, मग सायन्सच्या पुस्तकात, प्रकाशाच्या धड्यात. वाळला की चिकटवू. घरात डिंकाची कांडी होती. तेवढ्यात तुझ्या किल्लीचा आवाज.

तू डबा उचललास, उघडलास, आणि तुझं तोंड मी कधी तसं पाहिलं नव्हतं. ओरडला असतास तर मी लगेच सांगितलं असतं, असं मी स्वतःला बारा-चौदा वर्षं सांगत आलेय. तू ओरडला नाहीस. नुसता म्हणालास, "दमट हवेनं सुटला वाटतं. इथेच पडला असेल." आणि तू शोधायला लागलास. शनिवारी दिवसभर, रविवारी दिवसभर. देवघर हलवलंस, गाद्या उलट्या केल्यास, निखळलेल्या खांद्यानं कपाट ओढलंस. खाली कचऱ्याच्या खोलीत जाऊन सफाईवाल्या बांगलादेशी दादाशी हिंदीत बोलून पिशव्यासुद्धा उपसल्यास. मी टॉर्च धरून होते, बाबा. तू पलंगाखाली सरपटत होतास आणि मी उजेड दाखवत होते. "नीट धर की. उजेड भिंतीवर कशाला मारतेस?" आणि मग, पलंगाखालूनच, "सापडला तर बरंच होईल बघ. कुणाला काही बोलणार नाही मी." मला वाटलं तू स्वतःशीच बोलतोयस.

सोमवारी सांगू म्हणत म्हणत बुधवार आला आणि तपासणीचा माणूस आला. सभ्य होता, असं तूच म्हणालास. त्याने अर्जातला मजकूर वाचला, रिकामं झाकण बघितलं, म्हणाला, "सर, तुम्ही लिहिलंय पाहिला. मी कसा पाहू?" परवाना मिळाला नाही. म्हातारी डबा परतही न्यायला तयार नव्हती. "आता तो मुका झाला," म्हणाली, "ठेवा तुमच्याकडे," आणि वृद्धाश्रमात गेली. दुकानाच्या कुठल्याही अर्जावर त्यानंतर तुझी सही गेली नाही. कुणी तुला काढलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. टौके अंकलनी कागदांसाठी दुसरी बाई ठेवली आणि तू पुन्हा नुसती घड्याळं उघडायला लागलास. 'आमच्या दुकानात' म्हणायचास, ते 'दुकानात' झालं. दोन वर्षांनी सकाळी बसस्टॉपवर तू खाली बसलास तो उठला नाहीस. खिशात दुसऱ्याच्या बॅरोमीटरचा काटा होता, चिमटीएवढ्या डबीत. आई म्हणाली, हा परत द्यायला हवा. तो द्यायला मी गेले होते, तेव्हाही पुस्तक दप्तरात होतं. तेव्हाही नाही सांगितलं.

आज सांगितलं. पुस्तक काउंटरवर उघडलं. कागद तसाच आहे, बाबा, फक्त एका कोपऱ्याला भिंगाच्या आकृतीची शाई लागलीय. टौके अंकलनी तो चिमट्यानं उचलला. झाकणात अजून फिकट चौकोन आहे, कागद त्यात बरोबर बसला. मी म्हणाले, "अंकल, हा बघा, फिट होतो!" ते म्हणाले, "होणार. कात्री असली की काहीही फिट होतं." मग खुर्चीवरचा खोका खाली ठेवून तुझ्या जागेवर बसले. "त्या आठवड्यात आणला असतास तर तुझा बाबा म्हणाला असता, हाच तो. मी मानलं असतं. ऑफिसरनंही कदाचित मानलं असतं. चिकटलेला पाहिलेली माणसं तीन, मी कागदांचं कधी बघितलंच नाही. म्हातारी गेली, इंजिनियर गेला. उरली तू, आणि तू तेव्हा पोर होतीस. सुटा कागद कुठल्याही डब्याचा असतो, आह गर्ल. टू लेट लाह."

मी काय बोलले माहितेय? मी म्हणाले, "मग चिकटवून टाकू या. थेंबभर डिंक. खराच तर आहे." ते हसले, पण वाईट हसले. "तेव्हा मीच तुझ्या बाबाला म्हणालो होतो, मजकूर तुझ्याकडे आहे, जुना कागद माझ्याकडे आहे, लिही दुसरा. मारायलाच उठला मला! म्हणाला, एक खोटा कागद म्हणजे एक नवं कासव." मग म्हणाले, "एवढा जपणारा माणूस. मी विचारलं, सुटला कसा? म्हणाला, मी धुतला. नक्षीत पांढरी पावडर होती, ती दाखवली मला. म्हणाला, आमच्याकडे सणाला देवाची चांदी याने घासतात, मी घासली. आता सांग, इतकी वर्षं ह्या धंद्यात असलेला माणूस हे धुवेल?"

तू आयुष्यात कधी चांदी घासली नाहीस, बाबा. रांगोळी कुठल्या डब्यात असते तेही तुला माहीत नव्हतं. म्हणजे शुक्रवारीच तुला कळलं होतं, आणि तरी तू दोन दिवस सरपटत राहिलास.

कागद मी डब्यात ठेवून आले, सुटाच. टौके अंकलनी विचारलं, चिठ्ठीवर आणखी काही लिहायचं का? मी नको म्हणाले, तुझं अक्षर राहू दे. उद्या-परवा मी इथून निघेन, कुठे ते ठरलेलं नाही. हे पत्र सायन्सच्या पुस्तकातच ठेवते, प्रकाशाच्या धड्यात, ती जागा आता रिकामी आहे. शुद्धलेखन तू तपासायचास, दर रविवारी एक पान मराठी लिहून घ्यायचास, म्हणून हे एवढं तरी जमलं.

एक राहिलंय. रविवारी संध्याकाळी तू पलंगाखालून निघालास, गुडघे झटकलेस आणि म्हणालास, "आता तुझ्या पुस्तकांवर मार जरा उजेड." मी पहिल्या दोन पुस्तकांवर मारला. तिसरं सायन्सचं होतं. मी टॉर्च बंद केली आणि म्हणाले, "सेल संपले, बाबा." तू माझ्याकडे बघितलंस. चप्पल घालून खालच्या दुकानातून नवे सेल आणायला गेलास, आणि आल्यावर पुस्तकांकडे वळलाच नाहीस. जुने सेल तू फेकले नाहीस. स्वयंपाकघरातल्या घड्याळात घातलेस, माझ्यासमोर. ते घड्याळ पुढे वर्षभर चाललं, आणि आपण दोघं रोज त्याच्याखाली बसून जेवलो.