बीडची खोली आणि केजची मोटार

मार्गशीर्ष शु. ९
सासरे केजहून आले, कचेरीतच गाठलं. लग्नाला वर्ष होऊन गेलं, आता तरी सौ.ला धाडा म्हणालो. तर म्हणे, "आधी बिऱ्हाड करा जावईबापू, मग धाडतो. आन मोटार अड्ड्याजवळ बघा. तिच्या आईला सकाळच्या मोटारीनं येऊन सांजच्यानं परतता आलं पायजे." सासूबाईंनी मोटारीत अजून पाय ठेवलेला नाही! पौषात लेक धाडत नाहीत, म्हणजे अमावास्येच्या आत खोली. नाहीतर आणखी महिनाभर खाणावळीचं वरण.

शु. १२
अड्ड्यामागे कोंडाबाईंची खोली. धाब्याची, लख्ख सारवलेली, आड अंगणातच. बघताच जीव जडला. बाई विधवा, एकट्या, जीभ तिखट.
"सड्या मानसाला खोली न्हाई. बायको कुठं हाय?"
"खोली मिळाली की येईल."
"बायको आली की खोली देते."
सासरे खोलीवर अडलेत, बाई बायकोवर. मधे मी, वळकटी घेऊन.

व. ३
आणखी दोन घरं पाहिली, तेच उत्तर. चिडून बाजारात गेलो आणि जातं घेतलं. हमालाकरवी कोंडाबाईंच्या ओसरीवर ठेवलं. म्हटलं, "एकट्या माणसाला जातं कशाला लागतं, सांगा!"
बाईंनी जातं हात लावून पाहिलं. मग कडाडल्या, "वसरीवर कशाला ठिवलं? तुमची बायको काय साऱ्या अड्ड्यादेखत दळंल?" आणि स्वतःच कुलूप काढलं. दोघांनी मिळून जातं आत सरकवलं. "पौष लागायच्या आत ती न्हाई आली, तर जातं ऱ्हाईल, तुमी न्हाई."
कबूल, कबूल! केजच्या ड्रायव्हरजवळ लगेच निरोप.

व. ८
ड्रायव्हरनं उत्तर आणलं. त्रयोदशीला धाडतात. चूल मी घातली, कलंडली. बाईंनी मोडून पुन्हा घातली, शिव्या फुकट.

व. १३
सकाळची मोटार आली. सगळे उतरले. सौ. नाही. खोलीवर येऊन वळकटी बांधायला घेतली.
बाई म्हणाल्या, "सोडा ती. सांजची मोटार हाय की अजून." जात्यापाशी ज्वारी निवडून ठेवलीय त्यांनी. माझ्यासाठी नक्कीच नाही.
ऊन उतरलं. हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून हे लिहितोय. बाई ओवाळायला भाकरतुकडा घेऊन केव्हाच्या दारात उभ्या.
भोंगा वाजला.
"लिवत काय बसलाय? उठा की!"